घोड्याची लस

नूरबानूंनी किटलीचं झाकण दातांनी उघडलं आणि आतली सगळी सोलकढी सुनेच्या पायावर ओतली.

"आंबट हाय. आंबटानं उतरतं," त्या म्हणाल्या. "अंगावर पित्त उठलं की आपण आमसूल चोळतो की नाय? मग! गप पड जरा."

गप कसली पडतेय नसीबा! मस्कतजवळच्या अल हैलच्या वाळूत ती आडवी झाली होती आणि तिचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत नुसता पेटला होता. शुक्रवारची सुट्टी, नमाजानंतर जेवणाचे डबे घेऊन समुद्रावर यायचं, एवढाच बेत होता. सलवार जरा वर खोचून ती पाण्यात उभी राहिली आणि पायाला काहीतरी मऊ लपेटलं. दिसलंसुद्धा नाही. जेलीफिश म्हणजे पाण्यातलंच पाणी, दिसणार कुठून? दिसले ते नंतरचे वळ, चाबकानं फोडून काढल्यासारखे लाल.

पलीकडे जाळी नीट करत बसलेला एक म्हातारा ओमानी कोळी तिच्या किंकाळीनं धावत आला होता. हाताला फडकं गुंडाळून त्यानं पायाला चिकटलेले चिकट दोरे एकेक करून सोडवले. सकलैन, म्हणजे नसीबाचा नवरा, ओंजळभर वाळू घेऊन चोळायला निघाला, तर म्हाताऱ्यानं त्याचा हात झटकून टाकला आणि रस्त्याकडे बोट करून पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, "मुस्तश्फा! मुस्तश्फा!"

दवाखाना. एवढी अरबी सकलैनला येत होती. त्यानं बायकोला उचललं. डबे, चटई, तळलेली सुरमई, सगळं तिथंच राहिलं. किटली तेवढी नूरबानूंच्या हातात होती, ती त्यांनी सोडली नाही.

गाडी सकलैनच्या अर्बाबची. गॅरेजचा मालक भला माणूस होता, सुट्टीपुरती गाडी वापरू द्यायचा. तिच्या मागच्या सीटवर आता गुलाबी सोलकढी ठिबकत होती. नसीबाचं डोकं सासूच्या मांडीवर होतं आणि सासू एका हातानं तिचं कपाळ दाबत, दुसऱ्या हातानं पुढच्या सीटवर थापा मारत होती.

"हाण ना रे गाडी! बैलगाडी हाय काय ही?"

"सिग्नल हाय, अम्मी."

"सिग्नल गेला खड्ड्यात!"

नसीबाचा जीव कंठाशी आला होता. छातीत कुणीतरी दार ठोठावत होतं, मधेच ठोठावायचं थांबत होतं, परत सुरू होत होतं. पाठीत, कमरेत गोळे येत होते. पण तिचा उजवा हात मात्र भलताच उद्योग करत होता. जळत होतं ते सोडून, तो हात सारखा सलवारीची ओली कडा ओढून दुसऱ्या पायाच्या घोट्यावर आणत होता. कडा वर सरकली, की हात पुन्हा खाली.

तिथं घोट्याच्या वर एक जुना डाग होता. रुपयाएवढा, मधे खोलगट, कातडी चुरगळलेली. चुलीवरचं आधण सांडलं, लहानपणी भाजलं, असं तिनं सासरी सांगितलं होतं. सहा वर्षं हेच सांगत आली होती. खरं असं होतं की चौदा वर्षांची असताना काजूच्या झाडाखाली बिया वेचताना तिला फुरसं चावलं होतं.

कोकणात फुरसं चावणं म्हणजे काही जगावेगळी गोष्ट नव्हे. कातळावर दर दगडाखाली एक बसलेलं. पण नसीबाचं दुखणं चावण्यावर थांबलं नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून तिचे वडील बाबामियाँ तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथं सापाची लस शिरेतून सुरू केली, आणि ती लसच तिला मानवली नाही. अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले, घसा आवळत आवळत गेला, आणि मग श्वासच बंद. डॉक्टरनं कशीबशी ओढून आणली परत. घरी सोडताना त्यानं बाबामियाँना बजावलं होतं, "ही लस घोड्याच्या रक्तातून करतात. हिला ती चालत नाही. पुढं कधी कुठल्याही डॉक्टरनं असली लस काढली, तर आधी हे सांगायचं. विसरलात तर पोरगी हातची जाईल."

बाबामियाँ विसरले नाहीत. पण गावाला लशीशी काय देणंघेणं? गावाला एवढंच कळलं की पोरीच्या अंगात फुरसं भिनलं, रक्त नासलं, आता हिची कूस काही धरायची नाही. ठरत आलेली एक सोयरीक ह्याच बोलण्यावर मोडली. मग खाडीपलीकडून सकलैनचं स्थळ आलं, तेव्हा बाबामियाँनी लेकीला पडवीत बोलावून सांगितलं, "बाय, साप काय दर वर्षी चावत नाय. तोंड मिटून राहा." ती राहिली. लग्न होऊन मस्कतला आली, माबेलाच्या दोन खोल्यांत संसार मांडला, आणि इथं कुठून आलंय फुरसं, असं मनाशी म्हणत निश्चिंत झाली. ओमानच्या दगडांतही ते असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तेही बरंच झालं.

मूल मात्र झालं नाही. सहा वर्षांत नाही.

नूरबानू तीन महिन्यांच्या व्हिजावर आल्या होत्या त्या ह्याच कामासाठी. लेकाला बघायला येते असं म्हणाल्या होत्या, पण सामानात हकिमाच्या पुड्या होत्या, पिराचा ताईत होता. आल्यापासून त्यांची नजर सुनेच्या पाठीमागं फिरत होती. ही काय खाते, कधी झोपते, कुठं दुखतं का, माहेरी कुणाला मूल नव्हतं का. कारण शोधायचं होतं त्यांना. गेल्याच आठवड्यात त्यांना फोनवर बहिणीशी, सकिनाशी, बोलताना नसीबानं ऐकलं होतं, "बघते गो काय ते. कारण कळू दे. सकलैनला मुलगी द्यायला लोक काय कमी हायत?"

तेव्हापासून नसीबा घरातही मोजे घालत होती. मस्कतच्या उकाड्यात मोजे! नूरबानूंनी तेही बघून ठेवलं होतं.

रस्त्यावरचं पहिलं खाजगी इस्पितळ लागलं, तिथं सकलैननं गाडी आत घातली. शुक्रवार दुपार, सगळं सुनसान. ड्यूटीवर एकच डॉक्टर, ओमप्रकाश. भोपाळकडचा, पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. त्यानं नसीबाचा पाय बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"इतना खून?"

"खून नाय, डॉक्टर," नूरबानू म्हणाल्या. "कढी हाय."

डॉक्टरनं बोट लावून वास घेतला. नारळाचा, लसणीचा वास. त्याला हसू आलं असतं, पण नसीबाच्या मनगटावर ठेवलेली त्याची दुसऱ्या हाताची बोटं काही वेगळंच सांगत होती. त्यानं नर्सला हाक मारली. तिनं बाटलीभर व्हिनेगर आणून पायावर ओतलं. दुखण्याची सुई झाली. छातीला तारा लावल्या आणि डोक्याशी एक यंत्र टुकटुक करायला लागलं. त्या टुकटुकीला ताल नव्हता. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन एकदम. प्रत्येक वेळी ठोका चुकला की खोलीतली सगळी माणसं यंत्राकडे बघायची, आणि नसीबा सासूकडे.

डॉक्टर यंत्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मग सकलैनकडे वळला. आपण पूर्वी समुद्राखाली पाइप दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीकडे होतो, असं त्यानं हिंदीत सांगितलं. तिथल्या पाणबुड्यांसाठी जेलीफिशच्या विषावरची लस ऑस्ट्रेलियाहून मागवलेली असायची. त्याच सवयीनं इथंही फ्रिजमधे थोडी ठेवली आहे.

"सब जेलीफिश पर नहीं चलता ये," तो म्हणाला. "एक ही जात पर चलता है. आप लोगों ने देखी? कैसी थी?"

कुणी बघितली होती? कुणीच नाही.

डॉक्टरनं टकलावरून हात फिरवला. "मगर दिल की धड़कन ठीक नहीं है. दे देते हैं." त्यानं नर्सला फ्रिजकडे पिटाळलं.

"कशापासनं करतात ती लस?" नूरबानूंनी मधेच विचारलं. मग हिंदीत विचारलं. ह्या बाईला सगळं माहीत हवं असायचं.

"भेड़ के खून से."

"मेंढी," नूरबानू लेकाला म्हणाल्या. "मेंढी असली तर चालेल. मला वाटलं, भलतंसलतं काय असेल."

नसीबानं ते ऐकलं. म्हणजे तशीच लस. रक्तातून काढलेली. तालुक्याच्या डॉक्टरचं बोलणं तिला शब्दनशब्द आठवलं. पण तो घोडा म्हणाला होता, ही मेंढी आहे. घोड्याचं वेगळं असेल, मेंढीचं वेगळं असेल. असेल ना? कोण सांगणार? विचारायचं तर सगळंच विचारावं लागेल.

"अम्मी," ती म्हणाली, "पाणी हवं."

"सकलैन, पाणी आण."

सकलैन गेला, पाणी घेऊन आला. नूरबानू जागच्या हलल्या नाहीत. त्या भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होत्या. हातात तसबीहची माळ, ओठ हलताहेत, ओल्या चपला फरशीवर कुरकुरताहेत. अस्सल घाबरल्या होत्या त्या. सुनेकडे बघायच्या, पदर तोंडाला लावायच्या, परत चालायला लागायच्या.

"अम्मी, तुमची असरची नमाज..."

"अल्ला माफ करेल. मी हितनं हलत नाय."

झालं. नसीबानं डोळे मिटले. बाहेर जा म्हणावं, तर ही माया. थांबा म्हणावं, तर हे कान.

नर्स आली. सलाइनच्या बाटलीत लस मिसळली होती. ती बाटली उलटी टांगली आणि नळीतली हवा काढत उभी राहिली. डॉक्टर कागद हातात घेऊन पुढं झाला. हे विचारावंच लागतं, असं म्हणून त्यानं विचारलं, "इनको पहले कभी ऐसा सीरम दिया है? साँप का, बिच्छू का? घोड़े का, भेड़ का, कुछ भी?"

नसीबाचं तोंड उघडायच्या आत सकलैन बोलला.

"नहीं डॉक्टर. कभी नहीं."

किती पटकन बोलला तो! एरवी भाजी कुठली आणू ह्यालाही विचार करून उत्तर देणारा माणूस, आणि ह्याला त्याला क्षणही लागला नाही. नसीबा त्याच्याकडे बघत राहिली. बिचाऱ्याला काय माहीत, तिच्या मनात आलं. आपणच सहा वर्षं आधणाची गोष्ट सांगितली. आपल्याच खोट्यानं आता आपला जीव जाणार, आणि ह्यानं तो घेतला असं आयुष्यभर ह्याला वाटत राहणार.

नर्सनं नळी हाताच्या सुईला जोडली. तिचं बोट चाकावर गेलं. चाक फिरवलं की थेंब सुरू.

यंत्राचा एक ठोका चुकला.

"थांबा!" नसीबा ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. हिंदी येत होती तिला, पण त्या घटकेला जिभेवर मायबोलीच आली. "थांबा, नका सुरू करू! मला फुरसं चावलं होतं. लहान असताना. लस दिली तेव्हा माझा श्वास बंद पडला होता. मी मेले होते जवळजवळ."

नर्सला मराठी येत नव्हती, डॉक्टरलाही नाही. पण ओरडणं सगळ्यांना कळतं. नर्सचं बोट चाकावरच थांबलं.

"क्या कह रही हैं?" डॉक्टरनं सकलैनला विचारलं.

सकलैननं आईकडे बघितलं.

मग फेऱ्या थांबल्या. चपलांची कुरकुर थांबली. नूरबानू पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनीच डॉक्टरला सांगितलं, "साँप, डॉक्टरसाब. हमारे उधर का छोटा साँप, बहुत जहरी. इसको काटा था. सुई दिया, तो साँस बंद हुआ. अभी बोलती है."

डॉक्टरनं पुढं होऊन नळीच काढून टाकली. "आपने तो कहा, कभी नहीं!" तो सकलैनवर खेकसला. वो घोड़े का था, ये भेड़ का है, डॉक्टर म्हणाला, फिर भी नहीं. ज्याचा एकदा श्वास कोंडला त्याला ही बाटली अशी धडाधड लावायची नसते. आता थांबू. हृदय आपलं आपण सावरतंय का बघू. नाहीच सावरलं तर मग सगळी तयारी करून, थेंब थेंब. त्यानं नर्सला कसलीशी इंजेक्शनं भरून उशाशी ठेवायला सांगितली आणि स्वतः खुर्ची ओढून यंत्रासमोर बसला.

नूरबानूंनी ह्यातलं काही ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी चादर वर केली. सलवारीची कडा वर केली. नसीबाचा हात आडवा आला, तो त्यांनी बाजूला केला. मग बाजारात मासा ताजा आहे का हे दाबून बघतात, तसा त्यांनी तो डाग अंगठ्यानं दाबून बघितला.

"आधण, काय?" त्या म्हणाल्या.

नसीबानं हात मागं घेतला.

"सहा वर्षं," नूरबानू म्हणाल्या, आणि चादर तशीच टाकून खोलीबाहेर निघून गेल्या.

नंतरचा वेळ मोठा वाईट गेला. दुखणं सुईनं थोडं बोथट झालं होतं, पण मन? ते काही जागेवर राहीना. सासू कुठं गेली असेल, कुणाशी बोलत असेल, उद्या सकाळी माबेलाच्या घरात काय होईल, बाबांना कोण काय बोलेल. दार वाजलं की नसीबा मान वर करायची. कधी नर्स असायची, कधी नुसताच वारा. सकलैन एकदा गाडी नीट लावून येतो म्हणून गेला, परत आला. खिडकीशी उभा राहिला. खुर्चीवर बसला. उठला. त्या खोलीत शांत काय ते एकटा डॉक्टर होता, आणि हळूहळू ते यंत्र. टुक, टुक, टुक. आता मधे गाळलेल्या जागा कमी होत होत्या. ऊन कलता कलता त्या दिसेनाशाच झाल्या.

"अब ठीक है," डॉक्टर उठत म्हणाला. "रात को यहीं रखेंगे. बच गईं आप." टांगलेल्या बाटलीकडे बघून तो जरा हळहळला. मिसळलेली लस परत ठेवता येत नाही. "गई तो गई," असं म्हणून त्यानंच ती खाली काढली आणि नर्सबरोबर बाहेर गेला.

खोलीत दोघंच उरली. लांबून संध्याकाळची, मगरिबची बांग ऐकू आली.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," नसीबा म्हणाली.

सकलैननं खुर्ची पलंगाजवळ आणली. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"फुरश्याचं." तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. गॅरेजमधलं काळं ग्रीस त्याच्या नखांतून कधी जायचं नाही. "आधणाचा डाग पसरट असतो, खाली ओघळतो. तुझा तर खड्डा हाय, आणि मधे दोन टिंबं. कातळावर वाढलेल्या माणसाला ते कळत नाय होय? लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बघितलं मी."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू बोलली नाहीस. म्हटलं, तुला नसेल सांगायचं. र्‍हाऊ दे."

नसीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं ज्याच्यापासून लपवण्यासाठी ती अंधारात कपडे बदलत होती, त्यानं ते पहिल्याच आठवड्यात बघून आपल्या पोटात घातलं होतं. तिनं त्याचा हात धरला. आणि मग धरल्याधरल्याच तिला दुसरी गोष्ट आठवली.

"मग मघाशी? डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुम्ही नाही कसं म्हणालात?"

सकलैननं मान वर केली नाही.

"अम्मी उभी होती ना तिथं."

रडावं की त्याच्या मुस्कटात मारावी, हे नसीबाला समजेना. दोन्ही एकदम करावंसं वाटलं. "अहो, मी मेले असते!"

"मला काय माहीत? चावलं ते माहीत होतं. सुईनं तुला काय झालं ते कोणी सांगितलं होतं?"

"विचारायचं होतंत एकदा."

"सांगायचं होतंस एकदा."

खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि तेच तर वाईट होतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. दारालगतच भिंतीवर कार्डाचा फोन होता. लांबच्या फोनवर मोठ्यानंच बोलावं लागतं अशी नूरबानूंची पक्की समजूत होती, त्यामुळं अर्ध्या इस्पितळाला ऐकू जात असणार.

"सकिना? मी गो, नूरबानू! हां. ऐक. नसीबाला फुरसं चावलेलं हाय. हां, फुरसं! लहानपणी. नाय नाय, आधण नाय, ते सगळं खोटं. त्या बाबामियाँनं येड्यात काढलं आपल्याला."

नसीबानं चादर मुठीत धरली. संपलं. सकलैन उठून दाराकडे निघाला. "बसा," ती म्हणाली. "बोलू दे त्यांना."

पलीकडून सकिना खूप काही बोलत असावी, कारण नूरबानू चक्क गप्प होत्या.

"काय म्हणालीस? मग मूल कसं होणार?" त्यांचा आवाज आणखी चढला. "अगो, तुझ्या नणंदेला दोनदा चावलेलं! तिची सहा बाळंतपणं तूच केलीस ना? का विसरलीस? फुरश्यानं कूस बंद होत असती तर अख्खी खाडी ओस पडली असती! ते नाय कारण. कारण दुसरंच काय तरी असेल. आता सकलैनला पण दाखवते डॉक्टरला."

सकलैन परत खुर्चीवर बसला. नखातलं ग्रीस दुसऱ्या नखानं कोरायला लागला.

"ते र्‍हाऊ दे आता, कार्ड संपतंय. मी कशाला फोन केला ते ऐक. तिला घोड्याची लस द्यायची नाय. मेंढीची पण नाय. दिली की श्वास कोंडतो तिचा. सगळ्यांना सांग. तुझ्या पोरांना सांग, मोहल्ल्यात सांग. उद्या ती तिकडे आली आणि मी नसले, हा नसला, तर डॉक्टरला कोणीतरी सांगायला हवं की नको? तिच्याशी मी दोन दिवस बोलणार नाय, ते वेगळं. खोटारडी मेली. आणि हां, सोलकढी मी ओतली, म्हणून वाचली ती. डॉक्टर काय, नुस्ता खुर्चीत बसलेला."

"आता अख्ख्या खाडीला कळणार," सकलैन हळूच म्हणाला.

"कळू दे."

चादर दोन्ही पायांवरून केव्हाच सरकली होती. वळांवर वारा लागून बरं वाटत होतं, म्हणून नसीबानं ती ओढली नाही. बाहेर पलीकडचीला नीट ऐकू आलं नव्हतं बहुतेक, कारण नूरबानू पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या.

"घोड्याची! घोड्याची! हां, तीच."